क्रुसाला हार म्हणजे क्रुसाची पूजा नव्हे

वसईत वाटेच्या कडेला चुना लावलेला क्रूस दिसतो. गळ्यात झेंडूचा हार, पायाशी वितळलेलं मेण. त्यावरून ‘हे कॅथलिक लोक लाकूड-दगडालाच देव मानतात’ ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. ती चुकीची. ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनेच, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने, ठरवलं: प्रतिमेला मान द्यायचा, आराधना मात्र एकट्या देवाची. मारियामातेलाही विनवायचं ते ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असं. (बऱ्याच प्रॉटेस्टंटांना एवढाही मान खटकतो, तो वाद निराळा.) मग आराधना करायची कुठे? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरच्या शोमरोनी बाईने येशूपुढे नेमकं हेच काढलं, या डोंगरावर (शोमरोनी लोकांच्या) की यरुशलेमात (यहुद्यांच्या)? तो म्हणाला, वेळ येतेय, ना इथे ना तिथे. आत्म्याने आणि खरेपणाने.