धुक्यात टेकऑफ ऑटोपायलट करत नाही

डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर फ्लाइट लटकली की कुणीतरी हमखास म्हणतं, "आजकाल टेकऑफ ऑटोपायलटच करतो, पायलट नुसता बसलेला असतो. मग उशीर कशाला?" अनेक वर्षं फिरणारी ही समजूत चुकीची आहे.

नियमित प्रवासी उड्डाणांत टेकऑफ पायलटच करतो. इंजिनांचा जोर यंत्रणा सांभाळते, पण धावपट्टीवर विमान सरळ ठेवणं त्याच्या पायांचं काम आणि नाक उचलणं हाताचं. एअरबस ए320 मध्ये ऑटोपायलट जमीन सोडल्यानंतर किमान 5 सेकंदांनीच लावता येतो. घोळ बहुधा ऑटोलँडमुळे झाला असावा. उतरणं खरोखरच स्वयंचलित होऊ शकतं.

मग धुक्यात पायलट बघतो काय? मुख्यतः धावपट्टीच्या मधल्या रेषेचे दिवे. जोडीला लोकलायझर, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा रेडिओ संकेताने दाखवणारी यंत्रणा. त्याचा अँटेना धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे असतो. त्याच्या संकेतावरून एअरबसच्या स्क्रीनवर एक हिरवी उभी दांडी सरकते, ती मधोमध ठेवायची. काही विमानांत असं मार्गदर्शन डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे हेड-अप डिस्प्लेवर येतं. नजर बाहेरच्या दिव्यांवरून हटवावी लागत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा. पण पेडल दाबायचं पायलटनेच.

एअरबसने डिसेंबर 2019 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला ए350-1000 चं स्वयंचलित टेकऑफ करून दाखवलं खरं, पण ती चाचणी होती.

राहिला उशीर. दिल्लीच्या फ्लाइटला तो अनेकदा तिकडच्या धुक्यामुळे होतो, नागपुरात लख्ख ऊन असलं तरी.