इन्फ्रारेड फोटोतला लाल रंग म्हणजे उष्णता नव्हे

उपग्रहाच्या फोटोत जंगल लालभडक दिसलं की ‘जमीन तापली’ असा मजकूर जोडून तो फिरवला जातो. हे चूक आहे. उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण टिपतात. हे फोटो मात्र ०.७ ते ०.९ मायक्रोमीटरच्या, पानांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचे असतात. पानाच्या आतली पेशीरचना हा प्रकाश जोरात परतवते. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पट्ट्याला लाल रंग आपणच देतो: सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेत लाल, हिरवा, निळा या जागी अनुक्रमे ८, ४, ३ क्रमांकाचे बँड (प्रकाशाचे पट्टे; ८ हा इन्फ्रारेड) घालायचे.

म्हणजे लाल ही जोमदार हिरवाई. पण ‘लाल म्हणजे वन्यजीवांचं घर शाबूत’ हेही खरं नाही, आणि ही चूक जास्त घातक. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, म्हणजे माळढोक पक्ष्याचा अधिवास, उन्हाळ्यात फिकं, राखाडी दिसतं. ओलिताखालचा उभा ऊस लालच. माळ नांगरून ऊस लावला, तर फोटो उलट ‘निरोगी’ दिसेल! म्हणून दोन वर्षांची तुलना करताना महिना एकच घ्या, आणि दोन जोड्या पाहा: दोन्ही वर्षांचा ऑक्टोबर, दोन्ही वर्षांचा मार्च. मार्चमध्ये गवताचा लाल रंग विझतो, उभ्या बागायती पिकाचा विझत नाही.