बायकांचं डोकं झाकणं (ख्रिस्ती आणि इस्लाम)

ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका धर्म म्हणून पदर, ओढणी, वेल (नन डोक्यावरून घेतात ते कापड), हिजाब नाहीतर बुरखा घेऊन डोकं झाकतात ती ही प्रथा. ठाणे-नवी मुंबईत दोन्ही रोज दिसतात, पण ननच्या वेलकडे कोणी वळून बघत नाही आणि बुरख्यावर ट्रेनमध्येही चर्चा रंगते.

ख्रिस्ती बाजूचा आधार म्हणजे बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. तिथे सुरुवातीच्या काळातला धर्मप्रचारक पौल सांगतो की बाईने प्रार्थना करताना डोकं झाकावं, म्हणजे नियम प्रार्थनेपुरता. कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मकायद्यात हे लेखी होतं, १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम आलंच नाही, त्यामुळे ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये आता बहुतेक जणी उघड्या डोक्यानेच मिसाला (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला) बसतात. नवी मुंबईतल्या मल्याळी चर्चमध्ये मात्र रविवारी बघा, जीन्स-कुर्त्यातली मुलगी दारातच गळ्यातली ओढणी डोक्यावर घेते आणि मिसा संपून पार्किंगमध्ये येईपर्यंत ती परत गळ्यात. मराठी प्रोटेस्टंट आज्या प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी पदर पुढे ओढतात, अगदी देवघरासमोरच्या आपल्या आजीसारखा.

इस्लाममध्ये आधार म्हणून कुराणातल्या सूरह (अध्याय) नूर (२४:३१) आणि सूरह अहजाब (३३:५९) मधल्या आयती सांगतात. इथे प्रश्न जागेपेक्षा समोर कोण आहे याचा जास्त. नवरा आणि बाप, भाऊ, मुलगा असे महरम (ज्यांच्याशी लग्न होऊच शकत नाही असे जवळचे नातलग) सोडून बाकी पुरुषांसमोर पडदा, म्हणून मुंब्र्यात बरोब्बर उलटं होतं, बाई घरात आली की पिना काढून हिजाब आधी खुंटीला. नमाजला मात्र घरी एकटी असली तरी डोकं झाकायचंच. चेहऱ्याबद्दल उलेमांचंच (धर्मपंडितांचंच) एकमत नाही, काही चेहरा झाकणारा नकाब गरजेचा मानतात, बरेच जण चेहरा आणि हात उघडे चालतात म्हणतात. आणि गंमत बघा, घोडबंदर रोडच्या धुळीपायी फक्त डोळे दिसतील असा स्कार्फ बांधून स्कूटी चालवणारीला कोणीच काही विचारत नाही.

सरकारं मधे पडली की गोंधळ वाढतो. इराणमध्ये १९३६ ला सक्तीने काढायला लावलं आणि १९७९ च्या क्रांतीनंतर सक्तीने घालायला, बायकांना दोन्ही वेळेला विचारलं कोणी नाही. आपल्या जवळचं उदाहरण चेंबूरच्या एका कॉलेजचं, त्यांनी हिजाब, बुरखा, टोपी सगळ्यावरच बंदी घातली. जून २०२४ मध्ये हायकोर्टाने मुलींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा नको हे तसंच ठेवलं.