पहिलंच नाटक बसवताय? हे शब्द आधी ओळखीचे करून घ्या

प्रकाशसाहित्य, पडदे, लेव्हल, वेशभूषा आणि हँड प्रॉपर्टी भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून सामान नेणाऱ्यांमध्ये पहिल्यांदाच नाटक करणारे गट बरेच असतात. उत्साह दांडगा असतो, पण मागणी ‘मागचा तो पांढरा पडदा’, ‘बाजूचे काळे’, ‘वरचे दोन लाइट’ अशा भाषेत येते आणि प्रयोगाच्या दिवशी गाडीतून भलतंच काही उतरतं. प्रयोग चालू असताना विंगेत, लाइटच्या टेबलावर आणि रंगमंचावर अनेक माणसं अर्ध्या अंधारात एकाच वेळी काम करत असतात. तिथे एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की घोटाळा ठरलेला. म्हणून हे पत्रक. सगळे शब्द यात नाहीत. ज्यांवाचून अडतं तेवढे घेतले आहेत.

उजवं म्हणजे कुणाचं उजवं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथून सुरुवात. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा उजवा हात ज्या बाजूला, ती रंगमंचाची उजवी बाजू. प्रेक्षागृहात बसलेल्या दिग्दर्शकाला ती आपल्या डावीकडे दिसते. तरीही ‘उजवीकडून ये’ म्हटलं की नटाने स्वतःची उजवी धरायची आणि उलटापालट दिग्दर्शकाने आपल्या डोक्यात करायची. हा संकेत मात्र जगभर एकसारखा नाही. जर्मन रंगभूमीवर डावी-उजवी प्रेक्षकांच्या नजरेने मोजतात. फ्रेंचांनी तर हे शब्दच टाळले. त्यांच्याकडे प्रेक्षकांच्या डाव्या हाताची बाजू ‘बागेची’ आणि उजव्या हाताची ‘अंगणाची’. पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यातल्या रंगमंचाच्या एका बाजूला खरोखरच बाग होती आणि दुसऱ्या बाजूला अंगण, तिथून ही नावं आली. तुमच्या गटानेही पहिल्याच तालमीत काय ते ठरवून टाका आणि आम्हाला सामानाची यादी देताना तेच धरा.

प्रेक्षकांच्या जवळचा भाग डाउनस्टेज, मागच्या भिंतीकडचा अपस्टेज. पूर्वी युरोपात अनेक रंगमंच मागच्या बाजूला चढत जाणारे बांधत. मागे जाणं म्हणजे खरंच वर चढणं होतं. जमीन सपाट झाली, शब्द राहिले. यातूनच एक खोडही सांगितली पाहिजे. एक नट बोलता बोलता हळूच मागे सरकतो, मग त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते आणि सगळं लक्ष मागच्याकडे जातं. याला अपस्टेज करणं म्हणतात. नवख्यांकडून हे नकळत होतं, मुरलेल्यांकडून नेहमीच नकळत होतं असं नाही.

विंगा, पडदे आणि कमान

प्रेक्षकांना चित्राच्या चौकटीसारखी जी कमान दिसते ती प्रोसिनियम. तिच्या आतला दर्शनी पडदा उघडला की नाटक सुरू होतं. दोन्ही बाजूंना नटांच्या येण्याजाण्यासाठी सोडलेल्या जागा म्हणजे विंगा. तिथल्या उभ्या काळ्या पडद्यांनाही विंगाच म्हणतात. लाइटचे बार (दिवे टांगायच्या आडव्या नळ्या) झाकायला वरून सोडलेली आडवी पट्टी म्हणजे झालर. सगळ्यात मागचा, बहुधा पांढरा, ताणून बसवलेला पडदा म्हणजे सायक्लोरामा. त्यावर रंगीत प्रकाश टाकून पहाट, संध्याकाळ किंवा नुसतं मोकळं अवकाश दाखवता येतं. सायक्लोरामाला सुरकुती चालत नाही, म्हणून तो घडी घालून नव्हे, गुंडाळूनच परत करा.

विंगेत उभं राहण्याचा नियम एका ओळीचा आहे: तुम्हाला प्रेक्षक दिसत असेल तर प्रेक्षकालाही तुम्ही दिसता.

पडद्यांच्या बाबतीत आम्ही आगप्रतिबंधक कापडाचा आग्रह धरतो, तो काहींना जाच वाटतो. १९०३ च्या ३० डिसेंबरला शिकागोतल्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला. आग अडवणारा सुरक्षा पडदा खाली येताना मध्येच अडकला. सुमारे ६०० माणसं गेली. आमच्या पडद्यांशेजारी मेणबत्ती किंवा धुराची नळकांडी लावायची असेल तर आधी विचारा. आम्ही बहुतेक वेळा नाहीच म्हणतो.

नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभं केलेलं स्थळ. भिंत दाखवणारी लाकडी चौकट म्हणजे फ्लॅट, उंची देणारे चौकोनी ठोकळे म्हणजे लेव्हल. नट हातात घेऊन वापरतो ती हँड प्रॉपर्टी: पत्र, काठी, चष्मा, फोन. प्रयोगाआधी ती विंगेतल्या टेबलावर मांडून ठेवावी, प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखावी, आणि एकाची वस्तू दुसऱ्याने उचलू नये. टेबलावरचा रिकामा चौकोन चटकन नजरेत भरतो, हरवलेलं पत्र भरत नाही.

तालमीतले शब्द

नाटकाचा मजकूर म्हणजे संहिता. ती अंकांत विभागलेली आणि अंक प्रवेशांत. कंसातल्या ‘दचकून’, ‘खिडकीकडे जात’ अशा नोंदी म्हणजे रंगसूचना. प्रत्यक्ष प्रयोगासाठी कापून, जुळवून तयार केलेली प्रत म्हणजे रंगावृत्ती. आम्हाला प्रत द्यायची असेल तर हीच द्या. मूळ संहितेतला तुम्ही गाळलेला प्रवेश वाचून आम्ही उगाच त्याचं सामान काढून ठेवतो.

सुरुवातीला सगळे गोल बसून करतात ते वाचन. मग कुणी कुठून यायचं, कधी उठायचं, कुठे थांबायचं हे ठरतं, ते ब्लॉकिंग. ब्लॉकिंग पेन्सिलीने लिहा, कारण ते बदलणारच. फक्त लाइट, आवाज आणि नेपथ्यबदल तपासण्यासाठी असते ती तांत्रिक तालीम. तिच्यात नटाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं आणि अभिनयाकडे कुणाचंच लक्ष नसतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पूर्ण वेशभूषा, रंगभूषा आणि लाइटसह न थांबता होते ती रंगीत तालीम. कपडे मात्र त्याही आधी मागवा. लांब झग्यात पायऱ्या चढणं किंवा घट्ट बुटांत धावणं अंगवळणी पडायला वेळ लागतो.

क्यू म्हणजे इशारा. समोरच्याचं शेवटचं वाक्य, दाराचा आवाज, दिव्याचा बदल, काहीही क्यू असू शकतं. नट क्यूवर बोलतो, तसे लाइट आणि ध्वनीही क्यूवरच चालतात. त्यांना क्रमांक असतात आणि क्यू देतो रंगमंच व्यवस्थापक. तो आधी ‘लाइट १२ तयार’ म्हणतो, समोरून ‘तयार’ असं उत्तर येतं, आणि नेमक्या क्षणी तो ‘गो’ म्हणतो. क्यू चालू असताना ‘गो’ हा शब्द दुसऱ्या कशासाठीही उच्चारू नये. ‘आता गो म्हणू का?’ एवढं विचारलं तरी ऑपरेटरचं बोट खाली जातं. जिथे बोलणं शक्य नसतं तिथे छोटे दिवे वापरतात: लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे सुरू करा.

आणखी काही शब्द सतत ऐकू येतील. वाक्य अडखळलं की फंबल. संहितेत नसलेलं वाक्य नटाने जागच्या जागी घातलं की अ‍ॅडिशन. एकदा हशा मिळाला की ती थांबवणं अवघड जातं, म्हणून दिग्दर्शक तिला घाबरून असतात. भूमिकेचा सूर, चालणं-बोलणं मध्येच हरवलं की बेअरिंग सुटलं. प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य रेटायचं नाही. हसू ओसरू लागलं की बोलायचं. यालाच टायमिंग म्हणतात, निदान त्याचा सोपा भाग तरी. पात्र स्वतःशीच बोलतं ते स्वगत. रंगमंचावरच्या काहींना ऐकू जाऊ नये असं मानून एकाशी बोलतं ते जनांतिक.

अभिनयाचे शब्द

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेश-रंगभूषेचा तो आहार्य, आणि अश्रू, रोमांच, कंप, स्वरभंग अशा आतून उमटणाऱ्या खुणांचा तो सात्त्विक. यातला आहार्य आम्ही भाड्याने देऊ शकतो. बाकीचे तीन तुमचे तुम्ही आणायचे.

आधुनिक कार्यशाळांतले बरेच शब्द रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांच्या कामातून आले. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर स्थापन करणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांच्या पद्धतीतलं सगळ्यात उपयोगी म्हणजे उद्दिष्ट: या प्रवेशात माझ्या पात्राला समोरच्याकडून काय हवं आहे? ‘मी दुःखी आहे’ हे करता येत नाही, ‘तिने जाऊ नये म्हणून मी तिला अडवतो’ हे करता येतं. त्याला जोडून येते दिलेली परिस्थिती, म्हणजे मी कोण, कुठे, किती वाजता, आत्ताच काय घडून गेलंय. आणि सबटेक्स्ट म्हणजे वाक्याखालचं न बोललेलं वाक्य. ‘उशीर झाला का?’ हा प्रश्न काळजीने विचारता येतो, संशयाने येतो आणि भांडण उकरून काढायलाही येतो. शब्द तेच राहतात.

‘मेथड’ हा शब्द नवखे फार सैल वापरतात. अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग यांनी नटाच्या स्वतःच्या भावनिक आठवणींवर भर देत जी पद्धत शिकवली तिला मेथड म्हणतात. स्तानिस्लाव्स्की स्वतः पुढे शारीरिक क्रियेकडे अधिक वळले होते. पहिल्या नाटकात जुन्या जखमा उकरण्यापेक्षा उद्दिष्ट शोधणं जास्त कामी येतं, असं आमचं मत.

नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये मानलेली अदृश्य भिंत म्हणजे चौथी भिंत. समोर भिंतच आहे असं समजून अभिनय करा, हा सल्ला फ्रेंच लेखक दिदरो यांनी १७५८ मध्ये देऊन ठेवला होता. प्रेक्षकांशी थेट बोलणं म्हणजे ती मोडणं. जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी ती मुद्दाम मोडली, प्रेक्षकाने नाटकात वाहून न जाता विचार करावा म्हणून. अडखळलं म्हणून प्रेक्षकांकडे बघून हसणं यात येत नाही.

प्रकाशाचे शब्द

कडा नेमक्या, कापलेल्या हव्या असतील तर प्रोफाइल स्पॉट. मऊ, विरघळत जाणारा प्रकाश हवा तर फ्रेनेल. त्याच्या पुढच्या भिंगावर गोल गोल चर दिसतात. जोरदार झोत हवा तर ‘पार’ नावाचा दिवा. रंग देणारा पारदर्शक कागद म्हणजे जिलेटिन. झोत कमी-जास्त करतो तो डिमर. सगळे दिवे एकदम जातात तो ब्लॅकआउट आणि हळूहळू जातात तो फेडआउट.

चेहरा नीट दिसावा यासाठी जुनी, खात्रीची रचना अमेरिकेतल्या स्टॅनली मॅक्कँडलेस यांनी १९३० च्या दशकात मांडली: समोरून दोन दिवे, दोन्ही बाजूंना आणि वर सुमारे ४५ अंशांत, एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. दिवे मोजकेच असतील तर आम्ही अजूनही इथूनच सुरुवात सुचवतो. एकच दिवा अगदी डोक्यावरून सोडला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. भुताच्या प्रवेशाला ते शोभतं.

‘लाइट घे’ असं दिग्दर्शक ओरडला की झोताच्या मध्यभागी सरका. मध्य डोळ्यांना कळत नाही, चेहऱ्यावर सगळ्यात जास्त उष्णता आणि झगमग जिथे जाणवते तिथे तो असतो. एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, तेव्हा तिथे झगमगीवरच विसंबा. ब्लॅकआउटमध्ये लगेच पळू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पायऱ्यांच्या आणि लेव्हलच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावा; मागितलीत तर सामानासोबत देतो.

सामान मागवताना

कमानीची रुंदी, रंगमंचाची खोली आणि बारपर्यंतची उंची मोजून कळवा. ‘साधारण मोठा आहे’ यावरून पडदा कापता येत नाही. विंगा किती, वीजजोडणी किती भाराची आणि डिमर तिथलेच आहेत का, हेही विचारून ठेवा. वेशभूषेसाठी छाती, कंबर, उंची यांच्याबरोबर डोक्याचा घेर आणि बुटांचं माप लागतं, ही दोन मापं हमखास राहून जातात. प्रवेशांच्या मधे कपडे बदलायचे असतील तर यादीत त्या कपड्यापुढे ‘झटपट बदल’ लिहा, म्हणजे आम्ही बटणांच्या जागी वेल्क्रो लावून ठेवू.