अंघोळ नाही बाधत, ओलं अंग बाधतं

डिसेंबरातली सकाळ, साडेसातची वेळ. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की शहरात काय हाल असतात ते नाशिककरांना सांगायला नको, आणि अशा गारठ्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतला सातवीतला एक पोरगा दारात उभा, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू. "काकू, हे मघाशी खूप थरथरत होतं, आता थांबलंय. म्हणजे बरं वाटतंय ना त्याला?"

बरं अजिबात वाटत नव्हतं. रस्त्यावरून आणलं, घाण वास येत होता म्हणून गीझरच्या गरम पाण्यानेच न्हाऊ घातलं होतं बिचाऱ्याने, पाण्यात काही चुकलं नव्हतं. पण पिल्लाच्या हिरड्यांना बोट लावलं तर गार. सुयांसारखे दुधाचे दात नुकतेच आलेले, म्हणजे महिना-सव्वा महिन्याचं असेल. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी स्वतःला हलवून हलवून ऊब तयार करणं, अंग अजून गारच असताना ते थांबलं तर त्याचा अर्थ आता तेवढीही ताकद उरली नाही असा होतो.

आधी तो टॉवेल काढून फेकला, कारण तोच चिंब झाला होता. कोरड्या जुन्या स्वेटरात गुंडाळलं, गरम पाण्याची पिशवी पंच्यात बांधून एका बाजूला ठेवली, फक्त एका बाजूला, म्हणजे चटका बसला तर त्याला सरकता यावं. तेवढ्यात पोराची आई वाटीत कोमट दूध घेऊन आली. मी नको म्हटलं तर त्यांना राग आला असणार, पण गारठलेल्या पिल्लाचं आतडंही मंदावलेलं असतं आणि त्याला धड गिळता येत नाही, अशा वेळी दूध पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब, मग पोट. वीस-पंचवीस मिनिटांनी ते परत कुडकुडायला लागलं आणि आम्ही सगळे खूश झालो, मग रिक्षाने डॉक्टरांकडे.

आता यात नेमकं काय झालं ते बघू. माठातलं पाणी गार का होतं हे आपण शाळेत शिकलोय, बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. ओलं पिल्लू म्हणजे चार पायांचा माठच. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. दोन किलोचं पिल्लू धरा, त्याचं अख्खं अंग एका अंशाने गार व्हायला सातेक किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे चहाचे दोन चमचे, दहा ग्रॅम पाणी अंगावर सुकलं आणि सगळी उष्णता पिल्लाच्याच अंगातून गेली तर ते जवळजवळ साडेतीन अंशांनी गार होईल. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतून येते, थोडी पिल्लू स्वतः तयार करतं, त्यामुळे एवढं होत नाही, पण भिजलेल्या केसांत दोन चमच्यांहून कितीतरी जास्त पाणी सहज बसतं. वर फॅन चालू असेल तर विचारूच नका.

मोठ्या कुत्र्याला हेच पाणी फारसं बाधत नाही. पातेल्यातला चहा तासभर कोमट राहतो आणि बशीत ओतलेला दोन मिनिटांत गार होतो, तसंच हे. अंग जितकं लहान तितकं वजनाच्या मानाने कातडं जास्त. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं ३५-३६, आणि पहिले काही दिवस तर त्याला कुडकुडताही येत नाही, आईला आणि भावंडांना चिकटून राहणं हाच त्याचा हीटर. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण अंघोळ नकोच, घाण लागली तेवढी जागा कोमट ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका हे बरोबर ओळखून होत्या. पाणी ओतायला पाच मिनिटं आणि मग टाळू कोरडी कर, गुंडाळ, शेक दे, यात अर्धा तास. पिल्लाच्या बाबतीतही तोच हिशोब ठेवा (धुरी मात्र नको). फरक एवढाच की कुत्रं स्वतःही थोडं काम करतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्राण्यांचं अंग झटकणं हाय-स्पीड कॅमेऱ्यावर मोजलं, कुत्रं काही सेकंदांत केसातलं ७० टक्के पाणी उडवतं. प्राणी लहान तितकं झटकणं वेगात, लॅब्रॅडॉर सेकंदाला चार-पाच वेळा तर उंदीर तिसेक वेळा. भारी आहे हे, पण उरलेलं ३० टक्के आत कातडीजवळ बसतं आणि तेच काढायला टॉवेल लागतो. एक नाही, दोन-तीन. ड्रायर वापरायचा तर सगळ्यात कमी गरम, हातभर लांब, आणि आपला हात मध्ये ठेवून. आधी दोन दिवस नुसता आवाज ऐकवा.

पाणी किती गरम? कोपर बुडवून बघा, कोमटसुद्धा जेमतेम वाटलं पाहिजे, ३७-३८ अंश. टबात रबरी मॅट किंवा जुना पंचा टाका, पाय घसरला की पिल्लू घाबरतं, आणि तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यात बसलेली भीती लवकर जात नाही. पाणी पोटापर्यंतच. डोक्यावर पाण्याचा मग रिकामा करू नका, तोंड फडक्याने पुसा, कारण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, इंग्रजी एल सारखी, आत गेलेलं पाणी तिथेच राहतं आणि मग कान सडतो.

आपला शाम्पू नको. माणसाच्या कातडीचा पीएच (आम्लतेचं माप) साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा त्याहून न्यूट्रलकडे, शिवाय वरचा थरही पातळ. कपड्याचा साबण तर नकोच. आणि गोचीड झाले म्हणून फिनेल, रॉकेल चोळणारे लोक अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगते, नका करू, ते कातडीतून आत जातं आणि चाटल्यावर पोटातही. टी ट्री ऑइल "नॅचरल" असलं तरी कुत्र्याला विषारी आहे. गोचिडाचं औषध वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे डॉक्टर देतात, तेच लावा.

आमचं पिल्लू वाचलं. त्याची खरी पहिली अंघोळ संक्रांत झाल्यावर झाली, दुपारी एक वाजता, गच्चीवर, कडक उन्हात, तीन टॉवेल दोरीवर आधीच तयार. पाणी ओतायला चार मिनिटं, पुसायला अर्धा तास, पोराने घड्याळ लावलं होतं. अगदी पोटाखालचे केससुद्धा सुकल्यावर सोडलं, तर ते सरळ तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत चढलं आणि मातीत पाठ घासत लोळलं. पोराने माझ्याकडे बघितलं.

"आता महिनाभर नाही," मी म्हटलं, "वाळली की ब्रशने झटक."