सगळ्या ॲटनबरोंचा मूळपुरुष एकच?

आडनाव एक म्हणजे मूळपुरुष एक, ही समजूत इंग्लंडातही आपल्याइतकीच पक्की आहे. स्मिथ मंडळींपुरती ती साफ खोटी. लोहार गावोगाव होते, त्यामुळे स्मिथही गावोगाव झाले. ॲटनबरोंची गोष्ट वेगळी. नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी याच नावाचे गाव आहे. ते सोडून गेलेल्यांना हे आडनाव चिकटले, आपल्या 'कर'वाल्यांसारखेच. निसर्गपटांमुळे सर डेव्हिड यांनी ते घरोघरी पोचवले खरे, पण मुळात ते दुर्मीळ.

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळते. इंग्रजी आडनावाचाही साधारण तोच रस्ता. वायवर काही ठिकाणी डीएनएचा एखादा छोटा तुकडा लागोपाठ येतो, कुणात बारा वेळा, कुणात चौदा. अशा अनेक ठिकाणची मोजणी जुळली तर बापाकडची वाट कुठेतरी एक होते. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १६७८ पुरुषांचे वाय असे ताडून पाहिले (२००९). स्मिथ एकमेकांशी कुणाही परक्याइतकेच जुळले. ॲटनबरोंपैकी मात्र ८७ टक्के एकाच गटाचे निघाले, तोही ब्रिटनमध्ये क्वचितच आढळणारा.

म्हणजे मूळपुरुष एकच? थांबा. खरी गंमत पुढेच आहे.

नामांकित घराण्यांची आडनावे लोप का पावतात, असे कोडे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये घातले आणि रेव्हरंड हेन्री वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले. समजा, शंभर असंबंधित पुरुषांनी एकच आडनाव घेतले आणि प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो. पण सरासरीच एक. कुणाला तीन, कुणाला एकही नाही. ही वाटणी पॉयसाँच्या सूत्राने (योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी किती वेळा घडतील, ते सांगणारे गणित) झाली असे धरले, तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ वंश खुंटतात. पाचव्या पिढीपर्यंत ७३ जातात. विसाव्या पिढीला, म्हणजे पाचसहाशे वर्षांनी, जेमतेम नऊ उरतात. शंभराऐवजी सुरुवातच पाचसहा जणांनी केली असेल, तर शेवटी एखादाच वंश तगणार, तोही निव्वळ योगायोगाने. त्यामुळे आज सगळ्यांचा वाय एक दिसला, तरी आरंभी आडनाव घेणारा एकटाच होता असे सिद्ध होत नाही. बाकीच्यांचे वंश बुडाले असतील. यात ना कुणाचा शाप, ना कुणाच्या रक्ताची शुद्धता.

उरलेल्या १३ टक्क्यांत दत्तक मुलगे, आईचे आडनाव लावणारे, जावयाने सासऱ्याचे नाव घेतलेले, आणि काही झाकली प्रकरणेही असू शकतात.

डीएनए चाचणी विकणारे 'तुम्ही व्हायकिंगांचे वंशज' असे वाय पाहून खुशाल सांगतात. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यातल्या एकाच माणसाबद्दल वाय बोलतो. ॲटनबरोंच्या मुलींची ही चाचणी करताच येत नाही, कारण त्यांच्यात वाय नसतो. भावाची किंवा वडिलांची लाळ मागून घ्यावी लागते.