पन्हाळा

पन्हाळा हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, ऐतिहासिक किल्ला आणि थंड हवेचे गाव. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी. अंतरावर, आसपासच्या मुलखापासून सुमारे ४०० मी. उंचीवर ते वसले आहे. महाराष्ट्रातले बहुतेक गड आज ओस पडलेले असले, तरी पन्हाळ्याच्या तटाआत नगरपरिषद आहे, बाजार आहे, राहती घरे आहेत. महाराणी ताराबाईंच्या वाड्यात तर शाळा भरते. किल्ला पाहायला आलेला माणूस इथे एका नांदत्या गावातच फिरत असतो.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला. पुढे यादव, बहमनी आणि आदिलशाही अशा सत्ता इथे आल्या. शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, गड घेतला. १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज चार महिन्यांहून अधिक काळ इथे अडकले होते. राजापूरच्या इंग्रजांनी तोफगोळे पुरवून आदिलशाहीला मदत केली, ती याच वेढ्यात. जुलैच्या मुसळधार पावसात महाराज निसटले. पालखीत त्यांच्या वेषात बसलेल्या शिवा काशीदांनी आणि घोडखिंड (आजची पावनखिंड) अडवून धरणाऱ्या बाजीप्रभू देशपांड्यांनी प्राण दिले. गडही आदिलशाहीकडे गेला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी रात्री चढून तो परत घेतला. मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीतून परतलेल्या संभाजी महाराजांची शिवाजी महाराजांशी अखेरची भेटही पन्हाळ्यावरच झाली.

तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे. निम्म्या भागात उभा कडाच तटाचे काम करतो, उरलेल्या भागात भक्कम चिरेबंदी भिंत आहे. कोल्हापूरकडून येणारी गाडी आज चार दरवाजाच्या जागेवरून गावात शिरते. हा दरवाजा इंग्रजांनी १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर पाडला. म्हणून गडाची खरी ओळख करून घ्यायची तर गाडी गावात ठेवून सरळ पश्चिमेचा तीन दरवाजा गाठावा. एकामागे एक दरवाजे आणि मधे चौक अशी त्याची रचना आहे. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू चौकात कोंडला जाई. कोरीव कामात गणपती आहे आणि फारसी शिलालेखही. गड किती हातांतून गेला, ते त्या एका भिंतीवर दिसते.

जवळच अंधारबाव आहे. बाहेरून ती साधी दगडी इमारत वाटते, पण आत तीन मजले आहेत. तळाशी पाणी, वर पहाऱ्याच्या शिपायांची जागा आणि तटाबाहेर निघणारी चोरवाट. वेढा पडला की शत्रूचा डोळा आधी पाण्यावर जातो. इथे पाणीच इमारतीच्या पोटात दडवून वर पहारा बसवला आहे. पायऱ्या उतरताना डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, मगच खालच्या पाण्याचा अंदाज येतो.

पाण्याइतकीच धान्याची तजवीज होती. अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी (खंडी हे धान्याचे जुने माप) धान्य मावे असे सांगतात. कोठीच्या बाजूने जिना छतावर जातो. छताला भोके आहेत. धान्य वरून ओतायचे. या कोठीच्या आत उभे राहिले की सिद्दीचा वेढा गडाने इतके महिने कसा सोसला, याचा उलगडा होतो. पन्हाळ्यावर एकच वास्तू पाहायला वेळ असेल, तर ती हीच पाहावी.

सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे. तिथून खालचे खोरे नजरेत येते. राजदिंडी, वाघ दरवाजा, सोमेश्वर तलाव आणि पराशर गुहा पायी फिरून होतात. आर्याकवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये इथलाच. कोल्हापूर राज्याची राजधानीही १७८२ पर्यंत पन्हाळा हीच होती, मग ती कोल्हापुरात हलली.

कोल्हापूरहून एसटी आहे. पावसाळ्यात धुके इतके दाट असते की सज्जा कोठीवरून काहीच दिसत नाही. मोकळा देखावा हवा असेल तर पावसानंतरचे महिने बरे. पण पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे जाणाऱ्या पदभ्रमण मोहिमा मुद्दाम जुलैतच निघतात, मसाई पठाराच्या चिखलातून. गडावर झुणका-भाकर, खरडा आणि दही मिळते. चुलीवरची गरम भाकरी मागून घ्यावी. सकाळी येऊन दुपारी परतणारे बरेच असतात. दिवसभर राहावे, म्हणजे तटाच्या कडेने चालायला सवड मिळते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे. तटाआतल्या गावात घर दुरुस्त करायचे झाले, तरी जुन्या वास्तूंचा विचार आधी करावा लागतो.